सरांनी दाखवलेली पिवळी रेघ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव म्हणून दोनतीन जणींचे फोनही आले. लिहायचं तर पुष्कळ आहे, गॅदरिंग, कबड्डी, पावसाळ्यातला गळका व्हरांडा, पण मला शाळा म्हटलं की आपले सायन्सचे सरच डोळ्यापुढे येतात, त्यामुळे बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, हे सगळं सरांबद्दलच होणार आहे.

नववीत असताना सरांनी पुठ्ठ्याच्या नळीला एका टोकाला दाढीची दोन ब्लेडं चिकटवून मधे बारीक फट ठेवली होती आणि दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेतला तो एकुलता एक लोलक. खिडक्या लावून घेतल्या, स्पिरिटच्या दिव्यावर तारेला लावलेला मिठाचा खडा धरला आणि एकेकाला नळीतून बघायला लावलं. काळोखात मिठातल्या सोडियमची एक पिवळी रेघ, बास. मी वहीत लिहिलं "पिवळी रेघ दिसली". सरांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "पिवळी म्हणजे कुठली पिवळी गो? हळद पण पिवळीच." मग ग्राफपेपरची पट्टी लावून रेघ कितव्या घरात पडते ते लिहून घेतलं, आणि वर सांगितलं की ही एक दिसतेय खरी पण त्या दोन आहेत, आपली नळी त्यांना वेगळं करू शकत नाही.

विजयदुर्गच्या सहलीतही तेच. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवून गावातली गोष्ट सांगितली, की लॉकयर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं इथूनच ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. पण लगेच हेही सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होता, आणि लॉकयरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहण नसताना इंग्लंडातून सूर्याच्या कडेची पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमच्या दोन रेघांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्या जागेवर नाही. सोडियमच्या त्या दोघी डी-१ आणि डी-२, म्हणून हिला डी-३ म्हणाले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली. जागा थोडी चुकतेय एवढ्यावरून अख्खं नवीन मूलद्रव्य! सर हे सांगताना असे रंगून जायचे की आमची बस सुटायची वेळ झाली तरी थांबायचे नाहीत.

एमएस्सीला ग्रेटिंगवर (बारीक समांतर रेघा आखलेली, उजेडाचे रंग सुटे करणारी पट्टी) त्या सोडियमच्या दोन रेघा सुट्या दिसल्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, त्या रात्रीच सरांना पत्र टाकलं. उत्तर एका ओळीचं आलं: "छान. अंतर तू मोजलंस की पुस्तकातून लिहिलंस ते कळव." मी मोजलंच होतं, ते कळवलं.

पुढे इंदूरला कॅट या संशोधन संस्थेत लागले (आता राजा रामण्णा केंद्र म्हणतात पण आम्ही जुने लोक अजून कॅटच म्हणतो) आणि लेसर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे लेसरच्या मदतीनं अशा रेघा तपासण्यात, आयुष्य गेलं. ऱ्होडामिन ६जी या रंगद्रव्यावर चालणारा डाय लेसर त्याच पिवळ्यावर आणून ठेवायचा आणि सोडियमच्या वाफेतून एकाच लेसरचे दोन झोत समोरासमोर सोडायचे. अणू इकडेतिकडे धावत असतात म्हणून रेघ पसरट दिसते, पण या दोन्ही झोतांना एकदम प्रतिसाद देतात ते झोताच्या दिशेनं न सरकणारे अणू, त्यामुळे पसरटपणा जातो. मग कळतं की सरांच्या दोन रेघांच्या पोटात आणखी रेघा आहेत, सोडियमच्या अणूची तळची ऊर्जापातळीच मुळात दुभंगलेली, १७७२ मेगाहर्ट्झच्या अंतरानं. नंतरची वर्षं लिब्समध्ये गेली, म्हणजे लेसरचा काही नॅनोसेकंदांचा ठोका नमुन्यावर मारायचा, क्षणभर प्लाझ्मा होतो, त्याच्या उजेडातल्या रेघांवरून आत काय आहे ते सांगायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीनं याच पद्धतीनं गंधक असल्याचं दाखवलं. ते यंत्र बंगळुरूच्या लोकांचं, माझा त्यात काही हात नाही, पण बातमी बघून मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. माझ्याकडे पीएचडीला येणारी मुलं सॉफ्टवेअरनं दिलेलं मूलद्रव्याचं नाव तसंच उतरवून आणतात तेव्हा मी विचारते, कुठली रेघ, शेजारी कोण आहे, दुसरी रेघ सापडली का? हे सगळं सरांचंच आहे, माझं काही नाही.

मागच्या मे महिन्यात शाळेत येऊन गेले. प्रयोगशाळेच्या खोलीत आता स्टोअररूम आहे, लोलकाचं कपाट कुलूपबंद, मुलं प्रयोग मोबाईलवर बघतात. फार वाईट वाटलं. व्हिडिओत रेघ दिसते पण ती कितव्या घरात पडते हे कोणी विचारत नाही. सर असते तर त्यांनी कुलूप तोडलं असतं.

म्हणून कमिटीला एक विनंती. महोत्सवाला मी येतेय, येताना ग्रेटिंगच्या फिल्म, ब्लेडं, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि एक हेलियमची डिस्चार्ज ट्यूब (वीज सोडली की आतला वायू उजळतो अशी काचेची नळी) घेऊन येते, ती खोली फक्त एका दुपारसाठी रिकामी करून द्या आणि नववीची पोरं पाठवा. मीठ शाळेनं आणावं. भाषणासाठी माझं नाव यादीत नसलं तरी चालेल.