वॉल नसलेली आठशे: रेडिएटर झाला, हीटर अजून थोडा बाकी

कार्बोरेटरवाल्या मारुती आठशेचं कूलिंगचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. तक्रारी दोन होत्या. उन्हाळ्यात बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायचा. आणि थंडीत पहाटे परभणीकडे निघालं की हीटर पूर्ण उघडूनही पायांवर नुसता कोमट वारा. इंजिन एवढं तापतं तर हीटर गार कसा, हे काही केल्या उमगत नव्हतं. काटा चढला की हीटर फुल सोडायचा, तेवढीच उष्णता केबिनमधून बाहेर पडते, हा आपल्या सगळ्यांचा जुना उपाय. भर मे महिन्यात काचा खाली करून तोही केला. घाम आला, काटा जागचा हलला नाही.

सगळ्यात आधी हेडचं पॅकिंग (इंजिनाचा हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट) तपासलं, कारण ते गेलं असतं तर खर्चाचा हिशोबच बदलला असता. ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, गार इंजिनावर रेडिएटरची कॅप काढून स्टार्ट केलं तर तोंडाशी बुडबुडे नाहीत. सुटलो.

मग गरम इंजिनावर हीटरच्या दोन्ही होजना हात लावून पाहिला. आत जाणारा चटका देत होता, परत येणारा जेमतेम कोमट. दोन्ही गार असते तर हीटरच्या पाण्याचा कॉक बंद किंवा आत हवा धरलेली, असं समजलो असतो. इथे पाणी दारापर्यंत येत होतं, पण हीटरच्या कॉइलमधून, म्हणजे हवा तापवणाऱ्या छोट्या जाळीतून, पुढे सरकत नव्हतं.

खरी गंमत थर्मोस्टॅटचं झाकण उघडल्यावर झाली. आत वॉलच नव्हता, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह! फॅनची वायरही पाणी तापल्यावर फॅन लावणाऱ्या सेन्सरला बगल देऊन थेट इग्निशनला जोडलेली. ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसले. "ओ सर, आपल्याकडं हीटर कुणाला लागतंय? गाडी गरम झाली की वॉल काढायचा अन् फॅन डायरेक्ट करायचा. समदे असंच करतात." खरंय, समदे असंच करतात. पण वॉल उघडायचा थांबला असेल तरच तो काढून फरक पडतो, आणि तेव्हाही काढून ठेवायचा नसतो, नवा घालायचा असतो. वॉलच नसला की थंडीत हायवेवर पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन नीट तापतच नाही, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं. हीटरला गरम पाणी मिळणार कुठून?

उन्हाळ्याचं दुखणं रेडिएटरात होतं. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चाचांनी त्याची वरची टाकी डाग काढून उघडली आणि मला जवळ बोलावलं. बऱ्याच नळ्यांची तोंडं बंबाच्या तळाशी बसतो तसल्या पांढरट-पिवळ्या थराने बुजलेली. चाचा सळईने खरवडत म्हणाले, "बोरचं पाणी." आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोरला कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पाणी तापलं की क्षार नळीला चिकटतात, वाफ उडून जाते, वरून आपण पुन्हा तेच पाणी ओततो. गाडी आधी लातूरला होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या माणसांनाच मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रेडिएटरसाठी डिस्टिल्ड वॉटर कोण शोधत बसणार!

रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफसफाई) झालं, टाकीला पुन्हा डाग दिला, हौदात बुडवून हवा मारून पाहिली. कॅपही बदलली, कारण जुनीचं स्प्रिंग ढिलं होतं. ही वस्तू स्वस्त, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पाचेकशे मीटर उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बार दाब धरून ठेवणारी कॅप धड असेल तर तेच ११७-११८ पर्यंत तग धरतं. घाटात हा फरक फार मोठा आहे.

हीटरची कॉइल डॅशबोर्ड न काढता धुतली. दोन्ही होज काढून परतीच्या बाजूने बागेच्या नळीचं पाणी सोडलं, बेताच्या दाबाने, जुनी कॉइल फुटायला वेळ लागत नाही. मग कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून थोडा वेळ भरून ठेवलं आणि पुन्हा उलटं धुतलं. आधी तांबूस गढूळ पाणी, नंतर खपल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं नाही, ॲसिड आत राहिलं तर तेच धातू खातं.

नवा वॉल बसवण्याआधी पातेल्यात तपासला. त्याच्या तोंडात दोरा अडकवून पाण्यात लटकवला, शेजारी थर्मामीटर. वॉलवर ८२ छापलंय. काटा ऐंशीच्या थोडा पुढे जाताच दोरा सुटला आणि वॉल तळाशी टणकन् आपटला. घरच्यांनी पातेलं परत घ्यायला नकार दिलाय. बसवताना बारीक भोकातली हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, हवा तिथूनच निघते. फॅनला नवा सेन्सर लावला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरलं, गाडीचं नाक उतारावर वर करून, हीटर उघडा ठेवून, होज दाबत दाबत हवा काढली.

आता घाटात काटा मध्यावर राहतो आणि वर पोचल्यावर फॅन आपोआप बंदही होतो. अर्थात ही थंडीतली गोष्ट, मे महिन्याची परीक्षा बाकी आहे. पायांवर हवा चांगली गरम येते, पण काचेवर अजून कमी येते. बहुतेक हवा काचेकडे वळवणाऱ्या फ्लॅपची केबल पूर्ण ओढली जात नाही. डॅशबोर्ड न उघडता ती केबल बदललेली कुणी असेल तर हात नेमका कुठून घालायचा ते सांगा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.