शेरा एकच : नामंजूर

काका वारले तेव्हा काकू ५२ वर्षांच्या होत्या. वर्धा नदीकाठच्या आमच्या गावात निराधार बाईने पहिला अर्ज करायचा तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा, हे सर्वांना ठाऊक असते. दरमहा १,५०० रुपये मिळतात, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. ही मर्यादा दिवसाला साठ रुपयेही भरत नाही; कापूस वेचायला जाणारी बाई ती सहज ओलांडते, पण तो वाद येथे नको.

मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाची प्रत जोडून सेतू केंद्रातून अर्ज भरला. काही महिन्यांनी तालुक्याला जाऊन विचारले, तेव्हा यादीत काकूंच्या नावापुढे "नामंजूर" एवढाच शब्द होता. कारण विचारले, तर नवा अर्ज करा असे उत्तर मिळाले. काकू परतताना म्हणाल्या, "पैशे नसन देत त नको देऊ बाप्पा, पण काहून नाही, हे त सांगा."

त्यांच्या या एका वाक्यामुळे मी नवा अर्ज न करता माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि चौकशी अहवालाची प्रत मागितली. तीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील केले आणि त्यानंतर मात्र प्रती मिळाल्या. अहवालात लिहिले होते की कुटुंबाकडे सामाईक खात्यात चार एकर शेती आहे. ती शेती खरी होती, पण काकांच्या मृत्यूनंतर वारस नोंद झालेली नव्हती, शिधापत्रिका अजून दिरासोबत एकत्र होती आणि त्यामुळे दिराचे सगळे उत्पन्न काकूंच्या नावे धरले गेले होते. दोष आमचाही होता. परंतु तो एका ओळीत कळवला असता, तर वर्ष वाया गेले नसते. नुसत्या "नामंजूर" या शब्दाविरुद्ध माणूस अपिलात लिहिणार तरी काय? माझ्या मते नकाराच्या कागदावरच कारण, कमी पडलेला कागद आणि दाद मागण्याचे ठिकाण छापलेले असावे.

पुढे वारसांचा फेरफार झाला, शिधापत्रिका विभक्त झाली, उत्पन्नाचा दाखला नव्याने काढला आणि दुसरा अर्ज मंजूर झाला. पहिला हप्ता आधारशी जोडलेल्या एका जुन्या, विसरलेल्या खात्यात गेला होता. तो शोधण्यात आणखी एक चक्कर झाली.

मधल्या महिन्यांच्या पैशांचे काय, असे काकूंनी विचारले. त्यासाठी दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच सध्या त्यांच्या पिशवीत, पासबुकाच्या आत ठेवलेली आहे.