तिसऱ्या सिलिंडरचा रॉड

"गाडी भुयारी मार्गातल्या पाण्यात बंद पडली. मी दोनदा चावी फिरवली, पण सुरू झाली नाही." बाईंनी सांगितलं, मी माझ्या हाताने लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. यातल्या दुसऱ्या वाक्यावर त्यांचा इंजिनचा क्लेम गेला. दोन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी मोटार सर्व्हेयर आहे. ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या मोटार क्लेमसाठी परवानाधारक सर्व्हेयरची पाहणी लागते. परवाना आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, फी मात्र विमा कंपनी देते. त्यामुळे गाडीमालक मला कंपनीचा माणूस समजतात आणि कंपनीला मी गॅरेजवाल्यांचा माणूस वाटतो.

पाऊस ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी एकाच वर्कशॉपमध्ये माझ्या वाट्याला एकोणीस गाड्या होत्या. आवारात कुजक्या कार्पेटचा वास भरलेला. अशा गाडीत मी आधी पाण्याची रेघ शोधतो. सीट पुसून वाळवता येते, पण सीटखालच्या रेलच्या स्क्रूवर गंज चढलेला असतो, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की खालच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा पट्टा दिसतो. तिथून कळतं पाणी कार्पेटपर्यंत होतं, सीटपर्यंत होतं की डॅशबोर्डपर्यंत. मग एअर फिल्टर. त्याच्या कागदी घड्या भिजून एकमेकींना चिकटल्या असतील, तर पाणी इंजिनच्या दारापर्यंत पोचलं होतं.

एकोणीसपैकी चार क्लेम फॉर्म एकाच अक्षरात भरलेले होते. "वाहन पार्किंगमध्ये उभे असताना पाणी शिरले. वाहन सुरू करण्याचा प्रयत्न केला नाही." शब्द न् शब्द तोच. अक्षर सर्व्हिस अॅडव्हायझरचं. तीन गाड्यांत नुकसान आतल्या भागापुरतंच होतं, तिथे प्रश्न नव्हता. चौथीचं इंजिन जाम होतं आणि एस्टिमेटमध्ये पूर्ण इंजिनचं काम धरलेलं. मी म्हटलं, हेड खोला, मला रॉड बघायचाय. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा दांडा. उभ्या गाडीत पाणी शिरेल, इंजिनातही जाईल, पण उभ्या गाडीचा रॉड वाकत नाही. अर्ध्या तासात मालकांचा फोन आला, इंजिनचं काम ते स्वतःच्या खर्चाने करणार होते. ग्राहकाला असं खोटं लिहायला शिकवणाऱ्या अॅडव्हायझरचा मला मनापासून राग येतो. खरं बोलणाऱ्याकडेही मग कंपनी संशयानेच बघायला लागते.

बाईंची गाडी सोळावी. पेट्रोल, चौथ्या वर्षातली. त्या हॉस्पिटलात परिचारिका आहेत, रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघाल्या होत्या. फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता. अॅडव्हायझरने त्यांनाही दुसरा कोरा फॉर्म पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. भुयारी मार्गात पाणी किती आहे ते अंधारात कळलं नाही, समोरून ट्रक आला, त्याची लाट बॉनेटवर आली आणि इंजिन धाडकन थांबलं, एवढं त्यांनी लिहिलं होतं. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न छापील फॉर्मवर नाही, माझा आहे. त्यांनी सरळ सांगितलं, दोनदा चावी फिरवली.

इथे पॉलिसीचं थोडं सांगायला हवं. पूर आणि पाण्यात बुडणं या गोष्टी आपल्याकडच्या सर्वसमावेशक पॉलिसीत मुळातच धरलेल्या असतात. पण तिच्यात वगळलेल्या गोष्टींत 'परिणामी नुकसान' आहे, यांत्रिक बिघाडही आहे. शिवाय एक अट अशी की बिघाड झाल्यावर दुरुस्तीआधी गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाचं. कंपन्यांचं म्हणणं साधारण असं असतं: पाण्याने गाडी बंद पडली हा पूर, त्यानंतर तुम्ही स्टार्टर मारलात आणि इंजिन मोडलं, हे परिणामी नुकसान. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर मिळतं. बाईंकडे ते नव्हतं. आदल्या वर्षापर्यंत होतं. नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी मोबाइलवर चार कंपन्यांचे प्रीमियम शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांत कमी आकडा निवडला होता. थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. आकडा कमी दिसतो तो बाकीच्या भागात. कधी कंपनीचा दरच कमी असतो. पण कधी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणलेला असतो, कधी अॅड-ऑनची, म्हणजे जादा कव्हरची, खूण काढलेली असते. बाईंच्या पॉलिसीत दोन्ही झालं होतं आणि स्क्रीनवर ते दोन वेगवेगळ्या पानांवर होतं. ही मांडणी करणाऱ्यांना मी दोष देतो, बाईंना नाही.

हेड खोलायला कंपनीची परवानगी मिळायला पाच दिवस गेले. तोवर पाणी आत तसंच, आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरायला एवढे दिवस पुष्कळ होतात. यावर मी दरवर्षी भांडतो.

हेड निघालं तेव्हा मी तिथेच होतो. पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणून व्हर्नियरने मोजले. तीन ब्लॉकच्या पातळीला आले. तिसऱ्या सिलिंडरचा साडेतीन मिलिमीटर खाली राहिला. म्हणजे रॉड वाकलाय. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आपटतो, मधल्या मध्ये रॉड वाकतो. प्रश्न होता कधी वाकला? इंजिन चालू असताना लाट आत गेली तेव्हा, की नंतर चावी फिरवल्यावर?

बोअरच्या अगदी वर, पिस्टनची वरची रिंग जिथवर जाते त्याच्या पुढे, काजळीची बारीक पट्टी असते. रॉड वाकल्यावर इंजिन बराच काळ चाललं, तर रिंग खालीच थांबते आणि पट्टी रुंद होते. इथे पट्टी बाकीच्या तीन सिलिंडरांइतकीच होती. पण काही सेकंद चालल्याने काजळी बसत नाही, त्यामुळे एवढ्यावर मी थांबलो नाही. पिस्टन बाहेर काढून घेतला. वाकलेल्या रॉडवर पिस्टन तिरका चालतो आणि थोडा वेळ जरी फिरला तरी स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीवर, ताजे ओरखडे उठतात. स्कर्ट स्वच्छ होता. बोअरवर वरच्या बाजूला गंजाचे ठिपके होते, पण होनिंगच्या, म्हणजे बोअर घासून तयार करताना पडलेल्या, तिरक्या रेघा अख्ख्या दिसत होत्या. म्हणजे रॉड वाकला आणि इंजिन तिथेच थांबलं, ते पुन्हा फिरलंच नाही. स्टीलची पट्टी शेजारी धरून मी फोटो काढले. इतकी वर्षं हे काम करतोय, इतका स्वच्छ पुरावा क्वचित हाती लागतो.

अहवालात लिहिलं: नुकसानाचं निकटचं कारण पाणी शिरणं हेच आहे, चावी फिरवल्याने नुकसान वाढल्याची खूण नाही. धातूच्या भागांवर २५ टक्के, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य, मालकाने स्वतः सोसायची सक्तीची वजावट, सगळं हिशेबात धरून इंजिनसकट रक्कम काढली.

कंपनीने इंजिन वगळलं. कार्पेट, सेन्सर, साफसफाई, ऑइल एवढं मंजूर. सर्व्हेयरच्या अहवालापेक्षा वेगळी रक्कम द्यायचा अधिकार कंपनीला कायद्याने आहे, त्याबद्दल वाद नाही. क्लेम डेस्कवरच्या मुलाने फोनवर एवढंच म्हटलं, "सर, इन्शुअर्डच्या स्टेटमेंटमध्ये क्रँकिंग कबूल आहे." क्रँकिंग म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवणं. फोटो उघडले का, विचारलं. उत्तर आलं नाही. त्याच्यासमोर दिवसाला किती फाइली येतात ते मला माहीत आहे. तरी बोअरचा फोटो न बघता इंजिनचा निर्णय देणं मला मान्य नाही.

आणि इथेच माझं अडतं. जबाब देताना बाई म्हणाल्या होत्या, "दोनदा चावी फिरवली, नुसता टक आवाज आला." मला हे स्पष्ट आठवतं, कारण त्यांनी तो आवाज करून दाखवला होता. टक म्हणजे स्टार्टर अडला, क्रँक फिरलाच नाही, आत आधीच सगळं अडकलेलं होतं. माझा अख्खा निष्कर्ष त्या एका शब्दात होता. सोळावी गाडी होती, अजून तीन बाकी होत्या, आणि मी लिहिलं, "सुरू झाली नाही." हेड निघाल्यावर तो शब्द आठवला. पुरवणी पत्र लिहून कंपनीला पाठवलं. उत्तर आलं की अहवालानंतर जबाबात केलेली भर विचारात घेता येत नाही.

पैसे नाकारल्याचं पत्र घेऊन बाई वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा मी दुसऱ्या गाडीसाठी तिथेच होतो. त्यांनी विचारलं, "सर, चावीचं मी सांगितलंच नसतं तर?"

"तर कदाचित पैसे मिळाले असते," मी म्हटलं. "नक्की सांगता येत नाही." मग टकचं सांगितलं. तुम्ही बोललात आणि मी लिहिलं नाही, तेही सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रात्रपाळीत आम्हीही रुग्ण जे शब्द बोलतो तेच लिहितो. आम्हाला तसं शिकवलंय."

मी त्यांना पुढचा रस्ता सांगितला: माझ्या अहवालाची प्रत कंपनीकडून मागून घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. एक वर्षाची मुदत असते, फी नाही, वकील लागत नाही. पुरवणी पत्राची प्रतही जोडा, त्यात तुमचा शब्द आहे.

त्यांनी दागिना मोडून इंजिनचं काम करून घेतलं. गाडी न्यायला आल्या त्या दिवशी मेकॅनिक जुने भाग भंगाराच्या ड्रममध्ये टाकत होता. कंपनी ज्या भागाचे पैसे देते त्याचं भंगार कंपनीच्या हिशेबात जातं. इंजिनचे दिले नव्हते, म्हणजे ते बाईंचं. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा रॉड मागितला. मेकॅनिकने तो पुसून दिला. मी त्यावर मार्करने गाडीचा नंबर, सिलिंडरचा क्रमांक आणि तारीख घातली, खाली सही केली. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "सुनावणीला तुम्हाला बोलावलं तर याल ना?"

मी हो म्हटलंय. तारीख अजून लागलेली नाही.