पदराच्या गाठीतली गोळी

"पाठ धरली की एक टाकते लेकरा, मंग सांजच्यापर्यंत बघायला नको," मावशी म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडली. सुट्या पैशांसोबत डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळीची अर्धी पट्टी.

परभणीजवळ आमच्या रानात आज सोयाबीनची काढणी होती. मावशींच्या पोटात सकाळपासून फक्त चहा. त्यावर ही गोळी, आणि बीपीची रोजची असतेच.

आराम पडतो, हे खरं. ही गोळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करते, म्हणून सूज, ठणका उतरतो. पण जठराचं अस्तर त्याच प्रोस्टाग्लँडिनवर टिकतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही. रोज घेतली तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, बीपी चढू शकतं. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या अंगात मूत्रपिंडाला धोका आणखी. जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद झालं, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती.

मी म्हटलं, निदान उपाशीपोटी नका घेऊ, डॉक्टरला एकदा विचारा.

त्यांनी सगळं नीट ऐकलं. पट्टी परत गाठीत बांधली.

"बरं. मंग उद्याच्याला वाकू कशी, ते सांग."

रात्र झाली तरी मला उत्तर सुचलेलं नाही. तुमच्याकडे आहे?