तुम्ही विचारलंत म्हणून: मुरुमांचे खड्डे ऑपरेशनने जातात का?

"लेसरच्या चार सिटिंग झाल्या, खड्डे तसेच. आता ऑपरेशनच करून टाकू का?" हे फार जण विचारतात. हो किंवा नाही म्हणून भागत नाही, कारण एकाच गालावर तीन प्रकारचे खड्डे असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

दिवा बाजूने पडेल असं आरशासमोर बसा आणि गालाची त्वचा बोटांनी ताणा. ताणल्यावर जे बुजतात ते रुंद, उथळ 'रोलिंग' खड्डे. त्यांचा तळ तंतूंनी खाली ओढून धरलेला असतो. वरून लेसर मारून ते तंतू सुटत नाहीत, तिथे सबसिजन, म्हणजे त्वचेखालून सुईने तंतू तोडणं लागतं. आधी रुग्णाला बसवून खुणा करायच्या, कारण आडवं झोपवलं की बरेच खड्डे दिसतच नाहीत. मग भूल देऊन 18 नंबरची सुई त्वचेखाली आडवी घालतात आणि पंख्यासारखी फिरवून तंतू तोडतात. ते तुटताना बारीक कट-कट आवाज येतो. नंतर आठ-दहा दिवस गाल काळानिळा दिसतो, आणि हे आधीच न सांगितल्यामुळे लग्नाच्या तोंडावर रडारड होते. कानशिलापाशी आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या नसा (नर्व्ह) वरवर असतात, तिथे सुई जपूनच चालवावी लागते. तंतू पुन्हा चिकटू शकतात, म्हणून महिना-दीड महिन्याने बहुधा दुसरी फेरी.

'आइसपिक' खड्डे 2 मिमीपेक्षा अरुंद, पण खोल. त्यांच्या तळाशी टोकदार काडीने 70 ते 100 टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक) ॲसिड टेकवतात. काही सेकंदांत तळ पांढरा पडतो, पुढे खपली धरते आणि आठवडाभरात गळते. ती नखाने काढायची नाही. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावं लागतं. काडीवर ॲसिड जास्त आलं आणि काठावर ओघळलं, तर खड्डा रुंद होतो. सावळ्या त्वचेवर काळे डागही उठतात, म्हणून आधी-नंतर सनस्क्रीन.

उभ्या कडांचे 'बॉक्सकार' खड्डे पंचने, म्हणजे त्वचा गोल कापणाऱ्या छोट्या हत्याराने हाताळतात. तळाची त्वचा चांगली असेल तर गोल कापून तळ आजूबाजूच्या पातळीला वर उचलायचा. तळ खराब असेल तर तेवढा भाग काढून बारीक टाका. फार मोठ्या खड्ड्यात कानामागची त्वचा बसवतात, आणि तो तुकडा खड्ड्यापेक्षा किंचित मोठाच घ्यावा लागतो, कारण तो आक्रसतो. लेसर यानंतर, उरलासुरला खडबडीतपणा घालवायला. इतकं करूनही चेहरा कोरा होत नाही. खड्डे उथळ होतात आणि सावली कमी पडते.

हे सगळं नवे मुरूम थांबल्यावरच. पुळ्या येत असताना खड्डे भरणं म्हणजे गळतं छप्पर तसंच ठेवून भिंत रंगवणं. मोठी दुखरी गाठ असेल तर चिरा देऊ नका, आणि घरी पिळू तर मुळीच नका. तिच्यात ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचं सौम्य इंजेक्शन देतात, 2.5 ते 5 मिग्रॅ प्रति मिली. दोन-तीन दिवसांत ती बसू लागते. मात्रा जास्त झाली तर त्याच जागी नवा खड्डा पडतो, तो बहुधा काही महिन्यांत भरून येतो. गाठ पुवाने लिबलिबीत होऊन गळू झालं असेल तेव्हाच डॉक्टर ते फोडतात.

जबड्यावर, खांद्यावर, छातीवर वण उंच, कडक झालेले असतील तर मात्र आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं. असे वण नुसते कापून काढले तर अनेकदा आधीपेक्षा मोठे होऊन परत येतात.