कॅप्टन काढला तरी चालतं म्हणे

तालमीवरून आलोय, जेवण गेलं नाही. दादा एकदम सहज बोलले, "लांबतंय भो नाटक, कॅप्टन काढून टाकू, पब्लिकला कळणार पण नाही." कॅप्टन म्हणजे मी. मागच्या नाटकात हवालदार, त्याआधी ट्रे घेऊन येणारा, आणि आता तेवढंही नाही. जळगावात नट कमी पडतात म्हणे. असो.

पण डोक्यातून जात नाहीये तो होर्स्टर, म्हणजे नाटकातला हाच कॅप्टन. नॉर्वेच्या इब्सेननं 1882 मध्ये लिहिलेलं 'एनिमी ऑफ द पीपल' नाटक, गावातल्या औषधी स्नानगृहांचं पाणी दूषित आहे म्हणणारा डॉ. स्टॉकमन आणि त्याला भर सभेत लोकशत्रू ठरवणारं गाव. सगळे डॉक्टरवर फिदा, मान्य, बोलतो भारी. पण त्याला सभेसाठी गावात कोणी हॉल देत नाही तेव्हा घर कोण देतं? हा. राजकारणातलं आपल्याला काही कळत नाही हेही हाच सांगतो. सभेनंतर जहाजाचा मालक विचारतो, लोकशत्रूला घर देता का, हा म्हणतो माझ्या घराचं मी बघेन, मालक म्हणतो मग माझ्या वस्तूचं मी बघेन. झालं, जहाज गेलं हातचं. ना भाषण ना टाळी.

डॉक्टरकडे निदान पाण्याचा रिपोर्ट होता. याच्याकडे काय? नुसतं, माणसाला बोलू तर द्या. बाकी काचवाला डॉक्टरच्या घराच्या फुटक्या काचा बसवायला येत नाही, घरमालक घर सोडा म्हणतो, डॉक्टरच्या मुलीची, पेत्राची, शाळेतली नोकरी जाते, आणि सगळ्यांचं तेच, आमच्या मनात नाही हो, पण लोक... आपल्या भाऊबंदकीत दुसरं काय बोलतात? ताईच्या वेळी पण.. राहू दे.

आणि आम्ही तालीम करतो कुठे, तर जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये, वर पत्रा तापलेला, कापसाचे तंतू नाकात, संवाद म्हणता म्हणता शिंका. आप्पांनी फुकट दिलंय, काय नाटक आहे हेही विचारलं नाही. ताईच्या वेळी बसायला ओटा पण त्यांचाच होता, बाकी दारं तेव्हा दुपारीच लागली होती.

उद्या दादांना सांगतो, मालकासोबतची तेवढी दोन वाक्यं ठेवा. नाही ठेवली तर सभेतल्या गर्दीत ओरडतो, तिथं तसेही चारच जण आहेत आणि त्यातला एक दारुडा, तोच एकटा डॉक्टरच्या बाजूनं मत देतो. तो रोल मिळाला तर वाईट नाही.