बाबांचा पिगॉट

इंग्लंडचा जॉकी, म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार, लेस्टर पिगॉट गेल्याची बातमी मी बाबांना फोनवर सांगितली नाही. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि ही बातमी ओरडून सांगावीशी वाटेना. २९ मे २०२२, रविवार होता तो. मंगळवारी सकाळी रत्नागिरीहून जयगडची एसटी धरली, घरी पोचले, चहा झाला आणि मग त्यांच्या उजव्या कानाशी बसून म्हटलं, "बाबा, पिगॉट गेला. जिनिव्हात. शहाऐंशी वर्षांचा होता."

बाबा बराच वेळ खळ्यातल्या आंब्याकडे बघत राहिले. "माज्यापेक्षा सात वर्षांनी मोठा," एवढंच म्हणाले. मग आत जाऊन क्वालिटी स्ट्रीटचा जांभळा डबा घेऊन आले.

तो डबा मी जन्मल्यापासून बघते आहे. त्यात बाबांची नली आहे. खलाशाच्या नोकरीचं पुस्तक असतं त्याला आमच्याकडे नली म्हणतात. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, सगळं त्यात शिक्क्यानिशी असतं. नलीखाली इंग्रजी पेपरांची कात्रणं आहेत आणि सगळ्या कात्रणांत माणूस एकच. उंच, हडकुळा, गालफडं बसलेली, ओठ मिटलेले. लहानपणी मला वाटायचं, हा आपला कुणीतरी काका आहे आणि बाबांसारखाच बोटीवर असतो, म्हणून कधी घरी येत नाही.

आमच्या भागातून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर माणसं पिढ्यान् पिढ्या गेली. बाबा एकोणिसाव्या वर्षी खलाशी म्हणून चढले, पुढे सुकाणी झाले. १९७० च्या मे महिन्याच्या शेवटी त्यांची मालवाहू बोट लंडनजवळ टिलबरीच्या गोदीत लागली होती. बोटीवर सलूनमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणघरात, काम करणारा एक गोवेकर होता. मुंबईत असला की तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा एक रविवार चुकवायचा नाही. त्याने बाबांना सांगितलं, बुधवारी एप्समला डर्बी आहे, घोड्यांची मोठी शर्यत, इथवर येऊन डर्बी न बघता गेलास तर जन्मभर हळहळशील. बाबांनी तोवर शर्यत पाहिली होती ती वाळूवरच्या बैलगाड्यांची. पण सुट्टी मिळत होती आणि एप्समच्या टेकडीवर उभं राहायला तिकीट लागत नव्हतं. दोघं टिलबरीहून आगगाडीने लंडनला गेले, पूल ओलांडून दुसऱ्या स्टेशनात गेले आणि टॅटनहॅम कॉर्नरच्या गाडीत बसले. ३ जून १९७०.

पावसाळ्यात बाबा घरी असले की संध्याकाळी पडवीत आम्हां भावंडांना एप्सम दाखवायचे. सुपात तांदूळ पसरायचे आणि बोटाने त्यात घोड्याची नाल काढायचे. "हितनं सुटतात. अर्धी शर्यत चढ. मग डाव्या हाताला वळत वळत उतार, किल्ल्याकडनं जेट्टीवर उतरतो ना तसा. उतारावर घोडा ऐकत नाय. हा टॅटनहॅमचा कोपरा. हितनं सरळ. पन ती सरळ वाट एका अंगाला कललेली हाय, घोडे कुंपनाकडं ओढले जातात." आजी ओरडायची, तांदळात बोटं घालू नको म्हणून. मला आजही एप्सम आठवलं की आधी तांदळाचा वास येतो. कुठलंही मैदान मला इतकं पाठ नाही, आणि मी ते पाहिलेलं नाही.

त्या दिवशी अकरा घोडे होते. निजिन्स्की हा फेव्हरिट, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, नॉर्दर्न डान्सरचं कॅनडात जन्मलेलं शिंगरू, आयर्लंडच्या व्हिन्सेंट ओब्रायनने तयार केलेलं. वर पिगॉट. भाव अकरास आठ, म्हणजे आठ लावले तर अकरा नफा. गोवेकराच्या सांगण्यावरून बाबांनी दहा शिलिंगांची नोट लावली. तेव्हाच्या त्यांच्या पगारात ती छोटी रक्कम नव्हती. टेकडीवर जत्रा भरली होती, पाळणे, उघड्या टपाच्या दुमजली बसगाड्या, पांढरे हातमोजे घालून दुरून एकमेकांना भावाच्या खुणा करणारी बुकींची माणसं. बाबांना सगळ्यात नवल वाटलं ते माणसांच्या टोप्यांचं. ते जागा धरून उभे राहिले शेवटच्या सरळ वाटेच्या बाजूला, उतारावर.

डर्बी अडीच मिनिटांच्या थोडी वर चालते. पण त्या गर्दीत, टोप्यांच्या फटीतून, बाबांना पिगॉट दिसला तो उणापुरा बारा सेकंद. हे बारा सेकंद त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितले असतील याची गणती नाही. गीर नावाचा फ्रेंच घोडा पुढे निघाला होता. बाकीचे जॉकी चाबूक, हात, खांदे, सगळं हलवत होते. "आनि ह्यो, त्यांच्या मागं, गप. पाठ सरळ, बूड वर हवेत, हात घोड्याच्या मानेवर. हललाच नाय. मग एकदा हात म्होरं ग्येले आनि घोडा असा सुटला, जशी दोरी सोडलेली होडी." निजिन्स्की अडीच लांबींनी, म्हणजे अडीच घोड्यांच्या अंतराने, जिंकला.

बाबांना पावणेचौदा शिलिंग नफा झाला. त्यातून त्यांनी आजीसाठी हातातली बॅटरी घेतली. ती घेऊन आजी रात्री खाडीवर जायची.

पुढे सुकाणी झाल्यावर बाबांना त्या बारा सेकंदांचा अर्थ लागला, असं ते म्हणतात. नवा सुकाणी चाक सारखं फिरवतो. बोट जरा डावीकडे गेली की उजवीकडे, जास्त उजवीकडे गेली की परत डावी. मागे पाण्यात सापासारखी रेघ उमटते आणि कप्तान वैतागतो. जुना सुकाणी बोट वळायच्या आधीच तिला ओळखतो, चाक अर्ध्या मुठीने हलवतो आणि परत धरून ठेवतो. "पिगॉट घोडा सुकाणीसारका धरायचा," हे बाबांचं सर्वांत मोठं कौतुक. यापेक्षा वरचं त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही, माझ्या भावाला तर नाहीच.

पण नुसत्या हातांमुळे बाबांचा त्याच्यावर जीव जडला असं मला वाटत नाही. पिगॉटला लहानपणापासून कमी ऐकू यायचं आणि बोलताना त्याला अडचण व्हायची. बाबांचे कान डेकवर गंज ठोकून ठोकून गेले. एक कान पस्तिशीतच गेला. लोकांना वाटतं हा माणूस तिरसट आहे, हाक मारली तर वळत नाही. पिगॉटबद्दलही लोक हेच म्हणायचे. कात्रणांतला तो मिटलेल्या ओठांचा चेहरा बाबांना ओळखीचा वाटला असणार.

आणि उपास. पिगॉट जवळजवळ पाच फूट आठ इंच होता, जॉकीला ही उंची म्हणजे शिक्षाच. अंगाच्या मूळ वजनापेक्षा कितीतरी किलो कमी राखायचं, वर्षानुवर्षं, कॉफी आणि सिगारवर. सारंगचाचा म्हणायचे, "आम्ही महिनाभर रोजे ठेवतो, हा माणूस तीस वर्षं ठेवून आहे."

सारंगचाचांबद्दल सांगायलाच हवं. ते खाडीपलीकडच्या तवसाळचे, बाबांचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांचे सोबती. त्यांनी पिगॉटला पाहिलं १९७२ च्या डर्बीत, रॉबर्टो नावाच्या घोड्यावर. बाबांचा पिगॉट आणि चाचांचा पिगॉट ही दोन वेगळी माणसं आहेत.

रॉबर्टोवर बसणार होता बिल विल्यमसन, ऑस्ट्रेलियन, वयाने मोठा. डर्बीच्या थोडे दिवस आधी तो पडला, खांदा दुखावला. त्याचं म्हणणं, मी बरा आहे. मालकाला ते पटलं नाही आणि घोडा पिगॉटला मिळाला. शेवटच्या दोनशे मीटरांत रॉबर्टो आणि राइनगोल्ड अंगाला अंग लावून पळाले, पिगॉटने चाबूक ओढला तो थांबेचना. फोटो काढून बघावं लागलं, पंचांची चौकशी झाली, तेव्हा कुठे रॉबर्टो केसभर पुढे ठरला. लोकांनी फारशा टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच दुपारी विल्यमसनने दोन शर्यती जिंकल्या आणि मैदान दणाणून गेलं. चाचा त्या गर्दीत होते आणि त्यांनी टाळ्या विल्यमसनसाठी वाजवल्या.

"दुसऱ्याच्या जागेवर चढला तो," चाचा म्हणायचे. हे बोटीवरच्या माणसालाच कळेल. चार महिने घरी बसून कंपनीच्या बोलावण्याची वाट बघायची, आणि तुमची जागा कुणीतरी घेऊन गेलं असं ऐकायचं, यासारखं दुःख आमच्या घरांत दुसरं नव्हतं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: घोडा द्यायचा का नाही ते मालकाने ठरवलं, पिगॉटने नाही. आणि तो नसता तर रॉबर्टो हरला असता. या विषयावर दोघांचं पन्नास वर्षं भांडण चालू होतं. चाचा होडीने आमच्याकडे यायचे, मासे खायचे, भांडायचे आणि शेवटच्या होडीने परत जायचे. आता फेरीबोट आहे.

मी स्वतः रॉबर्टोची शर्यत पाहू शकत नाही. चाबकाचे ते फटके बघवत नाहीत. आता चाबकावर बरीच बंधनं आली आहेत, ते फार बरं झालं.

१९८७ मध्ये पिगॉट कर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला. तीन वर्षांची शिक्षा, त्यातले ३६६ दिवस आत काढले. मानाचा किताबही काढून घेतला. ते कात्रणही डब्यात आहे. बाबांनी ते फेकलं नाही, घडी घालून सगळ्यात खाली ठेवलं. "चूक ती चूक," म्हणाले होते, आणि त्यानंतर दोनेक वर्षं घरात पिगॉटचं नाव निघालं नाही.

मग १९९०. नऊ डर्बी जिंकलेला, अकरा वेळा चॅम्पियन जॉकी झालेला माणूस पाच वर्षांनी परत घोड्यावर बसला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. आणि परतल्यावर बाराव्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कला ब्रीडर्स कप माइल ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकला. घोडा रॉयल अकॅडमी, तयार करणारा तोच व्हिन्सेंट ओब्रायन. मागून येऊन शेवटच्या काही ढांगांत गाठलं त्याने सगळ्यांना. बाबा तेव्हा समुद्रात होते, रात्रीच्या पाळीला चाकावर. रेडिओ ऑफिसरला बाबांचं वेड माहीत होतं, बीबीसीवर बातमी ऐकून तो ब्रिजवर सांगायला आला. "त्या राती बोट एक अंश हलली आसंल," बाबा म्हणतात. त्यांच्या तोंडून अशी कबुली मी एवढी एकच ऐकली आहे.

लॉकडाउनमध्ये मी जयगडला अडकले होते तेव्हा त्यांना मोबाइलवर १९७० ची डर्बी लावून दिली. मला वाटलं होतं, आनंद होईल. त्यांनी पूर्ण बघितली आणि फोन परत दिला. "ही ती न्हवं," म्हणाले. "एवढ्या लांब न्हवता तो." व्हिडिओत दिसतं की शेवटी पिगॉटने निजिन्स्कीला नीट हलवलं होतं. मी ते बोलले नाही. टेकडीवरची माणसं नुसते ठिपके आहेत. त्यातला एक ठिपका अठ्ठावीस वर्षांचा, खिशात बुकीची चिठ्ठी धरून उभा आहे, हे मला ठाऊक आहे.

निजिन्स्कीने त्या साली टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या इंग्लंडातल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. त्याआधी असं झालं होतं १९३५ साली, बहरामच्या वेळी. "आगाखानांचा घोडा," चाचा इथे हटकून सांगतात. नंतर आजतागायत कुणाला जमलेलं नाही.

पिगॉट गेला त्याच आठवड्यात, ४ जूनला, डर्बी होती, त्याच्या स्मरणार्थ धावलेली. चाचा दुपारीच फेरीबोटीने आले, रात्री राहायच्या तयारीने. वय नव्वदीला टेकलेलं, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवीत शिंपल्या. पाऊस अजून यायचा होता, उकाडा मरणाचा. रात्री जेवणं झाल्यावर मी फोन जांभळ्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोघं पडवीत त्याच्यासमोर बसले. डेझर्ट क्राउन जिंकला, वर रिचर्ड किंग्स्कोट, अडीच लांबींनी. "आमच्याच एवढा," बाबा लगेच म्हणाले. चाचा म्हणाले, "पोराचे हात चांगले आहेत."

मग चाचांनी मला रॉबर्टो लावायला सांगितला. बाबांनी तो इतकी वर्षं कधी बघितला नव्हता, म्हणजे बघायचं टाळलंच होतं. मी लावला आणि दुसरीकडे तोंड करून बसले. शर्यत संपली तरी दोघं काही बोलेनात.

"विल्यमसन असता तर हरला असता," चाचा म्हणाले.

बाबांनी उजवा कान पुढे केला. चाचांनी परत सांगितलं, मोठ्याने.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. "पन घोडा विल्यमसनचा व्हता," ते म्हणाले, आणि चाचांसाठी अंथरूण काढायला आत गेले.